सीसीएनएचा अभ्यास करताना पॅकेटची पाठ सोडू नका

डिप्लोमा, बीसीएस किंवा इंजिनीअरिंग झालेलं असतं. दिवसभर कोड लिहिण्यात मन रमत नाही, पण स्विच, राउटर, केबल, सर्व्हर यांच्यात हात घालायला आवडतं. अशा मुलामुलींना कुणीतरी सांगतं, ‘सीसीएनए करून टाक’, म्हणजे नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा दे. मग एखादी लांबलचक प्लेलिस्ट सुरू होते. नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलच्या सात थरांची नावं वहीत उतरतात, तोंडपाठ होतात. पुढे सबनेटिंग, म्हणजे मोठं नेटवर्क लहान तुकड्यांत वाटण्याचा हिशेब येतो आणि गाडी अडते. बरेच जण तिथेच सोडून देतात. ज्यांना गणिताची धास्ती आहे आणि ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, त्यांना तर हे आपल्याच्यानं होणार नाही असं वाटायला लागतं. तसं काही नाही. अडचण बहुतेक वेळा अभ्यासाच्या क्रमात असते.

सीसीएनएचा अभ्यासक्रम पसरलेला दिसतो, पण तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: एका मशीनवरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, दुसऱ्या मशीनपर्यंत पोहोचतं कसं, आणि पोहोचलं नाही तर नेमकं कुठे अडलं? हा प्रश्न हातात घट्ट धरला की व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगळी नेटवर्कं), ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत), नॅट (पॅकेटवरचा आयपी पत्ता बदलणं), एसीएल (कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं त्याची यादी) हे सुटे सुटे धडे राहत नाहीत. त्याच वाटेवरचे टप्पे म्हणून ते समोर येतात.

आधी परीक्षेची माहिती. सिस्कोनं हे प्रमाणपत्र १९९८ साली सुरू केलं. पूर्वी ते दोन पेपरांत विभागून देता यायचं आणि पहिल्या पेपरावर एक धाकटं प्रमाणपत्रही मिळायचं. २४ फेब्रुवारी २०२० पासून ती सोय गेली आणि २००-३०१ या कोडचा एकच पेपर आला. २० ऑगस्ट २०२४ पासून त्याची १.१ ही आवृत्ती लागू झाली. वेळ १२० मिनिटं. फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच. बसण्यासाठी कुठल्याही पदवीची किंवा आधीच्या प्रमाणपत्राची अट नाही. पेपर पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर देता येतो किंवा घरून कॅमेऱ्यासमोर. पास झालात की प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

विषयांचं वजन सिस्को स्वतः जाहीर करतं: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस म्हणजे स्विचिंग आणि वायरलेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वं १५ टक्के, ऑटोमेशन १० टक्के. पहिल्या तिन्हींची बेरीज ६५ होते. ‘एक्झॅम टॉपिक्स’ नावाची ही यादी सिस्कोच्या साइटवर फुकट मिळते. ती छापून भिंतीला लावा. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘समजावून सांगा’, ‘तुलना करा’, ‘कॉन्फिगर करा आणि तपासा’ असं क्रियापद असतं, ते नीट वाचा. जिथे कॉन्फिगर करा असं लिहिलंय तिथे नुसता व्हिडिओ पाहून भागत नाही, हात चालवावा लागतो.

आता पॅकेटकडे येऊ. समजा एका पीसीचा पत्ता १९२.१६८.१०.७७ आहे, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा) /२६, गेटवे १९२.१६८.१०.६५. त्याला १९२.१६८.१०.१३० या पीसीला पिंग करायचंय, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहायचंय. पीसी सगळ्यात आधी स्वतःला विचारतो: समोरचा माझ्याच नेटवर्कमध्ये आहे का? दोन्ही पत्त्यांची सुरुवात १९२.१६८.१० अशीच आहे, म्हणून नवखा माणूस चटकन हो म्हणतो. पण पीसी मास्क लावून हिशेब करतो आणि त्याचं उत्तर नाही असं येतं. का, ते सबनेटिंगमध्ये पाहू. समोरचा बाहेरचा आहे म्हटल्यावर पॅकेट गेटवेकडे म्हणजे राउटरकडे द्यायचं. त्यासाठी राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क पोर्टचा स्वतःचा पत्ता हवा. तो माहीत नसेल तर पीसी नेटवर्कमधल्या सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, ‘१९२.१६८.१०.६५ कोण आहे? तुझा मॅक सांग.’ हे एआरपी. हाक सगळ्यांना ऐकू जाते, उत्तर फक्त राउटर देतो.

मधल्या स्विचला आयपी पत्त्याशी देणंघेणं नसतं. फ्रेम (पॅकेटवर मॅक पत्त्यांचं आवरण चढवलेली) कुठल्या पोर्टमधून आली आणि पाठवणाऱ्याचा मॅक काय, एवढं तो आपल्या टेबलात टिपून ठेवतो. ज्याला द्यायची त्याचा मॅक टेबलात असेल तर त्याच पोर्टवर सोडतो. नसेल तर आली तो पोर्ट वगळून त्या व्हीलॅनमधल्या बाकी सगळ्या पोर्टांवर सोडतो. फ्रेम राउटरकडे पोहोचली की राउटर तिचं बाहेरचं आवरण काढून टाकतो, आतल्या पॅकेटचा टीटीएल (अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) एकानं कमी करतो, राउटिंग टेबलात वाट शोधतो आणि नवं आवरण चढवून पुढे पाठवतो. नव्या आवरणावर पाठवणारा म्हणून राउटरचा स्वतःचा मॅक असतो.

साताऱ्याहून नाशिकला निघालेला माणूस पुण्याला एसटी बदलतो. त्याचं गाव बदलत नाही, गाडी बदलते. आयपी पत्ता म्हणजे ते गाव आणि मॅक पत्ता म्हणजे त्या टप्प्यापुरती गाडी. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर मॅकची जोडी बदलते, आयपीची जोडी शेवटपर्यंत तीच राहते. नॅट आलं तर मात्र आयपीही बदलतो, आणि नॅट वेगळं का शिकायचं त्याचं कारण हेच. ‘या ठिकाणी फ्रेमवर कुठला मॅक असेल आणि पॅकेटवर कुठला आयपी?’ हा प्रश्न परीक्षेत आणि मुलाखतीत वेगवेगळ्या रूपांत येतो. ही वाट कागदावर स्वतः काढता आली तर त्याचं उत्तर घोकावं लागत नाही.

स्विचमधलं गोल फिरणं थांबवणारं स्पॅनिंग ट्रीही इथूनच उलगडतं. आयपी पॅकेटला टीटीएल असतो. ते चुकून गोल फिरत राहिलं तरी टीटीएल संपला की मरतं. इथरनेट फ्रेमला तसं काहीच नसतं. दोन स्विच दोन केबलांनी जोडले आणि त्यांना आवर घालणारं कुणी नसेल, तर एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून असलेली फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत अख्खं नेटवर्क झोपतं. म्हणून स्विच आपसांत ठरवून एक वाट बंद ठेवतात. हे कारण डोक्यात बसलं की रूट ब्रिज म्हणजे मुख्य स्विच कोण, सगळ्यांची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असल्यानं बरोबरी झाली तर कुणाचा मॅक लहान, हे नियम लक्षात ठेवायला जड जात नाहीत.

आता सबनेटिंग. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त मुलं इथेच गळतात, आणि तेही नाहक. लागणारं गणित चौथीतलं आहे: दोनाचा पाढा दुप्पट करत नेणं आणि वजाबाकी.

आयपी पत्ता ३२ बिटांचा. /२६ म्हणजे पहिले २६ बिट नेटवर्कचे, उरलेले ६ मशीनसाठी. दोनाचा सहावा घात ६४. म्हणजे प्रत्येक सबनेट ६४ पत्त्यांचा. मास्कच्या भाषेत /२६ म्हणजे २५५.२५५.२५५.१९२, आणि २५६ मधून १९२ वजा केले तरी ६४ च येतात. मग शून्यापासून ६४ च्या उड्या मारा: ०, ६४, १२८, १९२. आपला ७७ हा ६४ आणि १२८ यांच्यामध्ये पडतो. म्हणून त्याचं नेटवर्क १९२.१६८.१०.६४. पुढचं नेटवर्क १२८ ला सुरू होतं, त्याच्या एक आधीचा १२७ हा ब्रॉडकास्ट. मशीनला देता येणारे पत्ते ६५ ते १२६, म्हणजे ६२. आणि १३०? तो १२८ च्या घरात पडतो, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कमध्ये. मगाशी पीसीनं पॅकेट गेटवेकडे का दिलं, ते इथे कळतं.

आता थोडं अवघड घेऊ. १७२.१६.३७.२००/२०. पहिले १६ बिट दोन आकड्यांत संपले, उरलेले ४ तिसऱ्या आकड्यात घुसले. तिथे मास्क २४०, आणि २५६ वजा २४० म्हणजे १६. उड्या तिसऱ्या आकड्यात मारायच्या: ०, १६, ३२, ४८. ३७ हा ३२ च्या घरात. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. मशीनसाठी उरलेले बिट १२, म्हणून पत्ते ४०९६ वजा २, म्हणजे ४०९४. शेवटच्या २०० चा इथे काहीच संबंध आला नाही. नवख्यांची नजर नेमकी त्याच २०० वर अडकते.

मास्कमध्ये येऊ शकणारे आकडे मोजकेच: १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५, आणि शून्य. हे पाठच करा. मग रोज सकाळी वही घेऊन पाच-सात पत्ते सोडवा, कॅल्क्युलेटर न लावता. ऑनलाइन सबनेट कॅल्क्युलेटर फक्त उत्तर तपासायला. काही आठवड्यांत बोटं मोजायची गरज राहत नाही. हा वेळ नुसता एका प्रकरणावर खर्च झाला असं समजू नका. एसीएल आणि ओएसपीएफमध्ये जो वाइल्डकार्ड मास्क लागतो तो याच हिशेबाचा उलटा: २५५ मधून १९२ गेले की ६३, म्हणून /२६ चा वाइल्डकार्ड ०.०.०.६३. राउटिंग टेबल वाचतानाही हीच नजर लागते.

राउटिंग टेबलातला एक सापळा जवळून पाहू, कारण तो हमखास विचारला जातो. राउटरकडे १०.१.५.९ साठी पॅकेट आलंय. टेबलात तीन वाटा आहेत. ०.०.०.०/० ची डिफॉल्ट वाट, हातानं लिहिलेली. १०.०.०.०/८ ची वाट, तीही हातानं लिहिलेली, म्हणजे स्टॅटिक. आणि १०.१.५.०/२४ ची वाट, ओएसपीएफनं शिकवलेली. स्टॅटिक वाटेचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाट कुठून कळली त्यावरचा भरवसा मोजणारा आकडा) १ आणि ओएसपीएफचा ११०, कमी असेल तो चांगला, हे पाठ करून आलेला विद्यार्थी आत्मविश्वासानं /८ ची स्टॅटिक वाट निवडतो. उत्तर चूक. राउटर आधी बघतो की पत्त्याला सर्वांत घट्ट बसणारी वाट कुठली, म्हणजे सर्वांत लांब प्रीफिक्स कुणाचा. इथे तो /२४ चा, म्हणून पॅकेट ओएसपीएफच्या वाटेनं जातं. डिस्टन्सची तुलना होते ती अगदी त्याच नेटवर्कची, त्याच मास्कची वाट दोन वेगळ्या मार्गांनी कळली असेल तेव्हा, आणि तीही टेबलात कुणाला जागा द्यायची हे ठरवताना. एकाच प्रोटोकॉलनं त्याच नेटवर्कच्या दोन वाटा सांगितल्या तर मेट्रिक, म्हणजे त्या प्रोटोकॉलनं मोजलेला वाटेचा खर्च, बघितला जातो. नुसते आकडे पाठ करण्यात आणि ते कुठे लावायचे हे समजण्यात किती अंतर आहे, ते या एका प्रश्नात दिसतं.

हे सगळं वहीपुरतं राहू नये म्हणून लॅब. त्यासाठी जुने राउटर विकत घ्यायची अजिबात गरज नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर मोफत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर मिळतं आणि सीसीएनएपुरतं ते भरपूर आहे. त्यात सिम्युलेशन मोड आहे. तो चालू केला की पॅकेट पाकिटाच्या रूपात एकेका उपकरणावर थांबत जातं, पाकिटावर क्लिक केलं की प्रत्येक थरात काय लिहिलंय ते दिसतं. ओएसआयचे सात थर पाठ करण्यात जो वेळ जातो, त्यातला अर्धा इथे घालवा. मॅक बदलताना आणि टीटीएल कमी होताना डोळ्यांनी दिसतो.

लॅबमध्ये दोन राउटर, दोन स्विच, चार पीसी जोडा. राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, ‘नो शटडाऊन’ दिल्याशिवाय उठत नाहीत. मग राउटरवरून पिंग करा. पहिल्या वेळी बहुधा पाचांपैकी पहिल्या जागी टिंब येतं आणि पुढे चार उद्गारचिन्हं, यशाचा दर ८० टक्के. पुन्हा पिंग केलं तर पाचही उद्गारचिन्हं. ते पहिलं टिंब बिघाड नाही. राउटर एआरपीच्या उत्तराची वाट बघत होता, तेवढ्यात पहिलं पॅकेट हुकलं. अशी एक गोष्ट स्वतः पाहून तिचं कारण सांगता आलं, तर एआरपीचा धडा पुन्हा उघडावा लागत नाही.

सगळं चालायला लागलं की मुद्दाम मोडा. माझ्या मते अख्ख्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही. एका पीसीचा गेटवे चुकीचा टाका: शेजारच्या पीसीला पिंग लागतं, पलीकडच्या नेटवर्कला लागत नाही. ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या स्विचांमधल्या जोडणीवरून, एक व्हीलॅन काढून टाका: त्या व्हीलॅनचे पीसी आपल्या स्विचवर एकमेकांशी बोलतात, दुसऱ्या स्विचवरच्यांशी नाही. एका राउटरवर जायची वाट लिहा, पण दुसऱ्यावर परतीची लिहू नका: पॅकेट पोहोचतं, उत्तर वाटेत हरवतं आणि पिंग करणाऱ्याला वाटतं की पोहोचलंच नाही. ओएसपीएफच्या एका बाजूचा हॅलो टायमर (किती सेकंदांनी ‘मी आहे’ असं कळवायचं) १० वरून १५ करा: दोन राउटर शेजारी म्हणून एकमेकांना ओळखतच नाहीत. एसीएलमध्ये एकच ‘डिनाय’ ओळ लिहा आणि पाहा: बाकी सगळी वाहतूकही बंद पडते, कारण शेवटी ‘सगळ्यांना नकार’ अशी न दिसणारी ओळ असते. प्रत्येक वेळी ‘शो’चे हुकूम वापरून शोध घ्या: शो आयपी इंटरफेस ब्रीफ, शो व्हीलॅन ब्रीफ, शो इंटरफेसेस ट्रंक, शो आयपी रूट, शो आयपी ओएसपीएफ नेबर. हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळीला नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये बसणारा नवा इंजिनीअर दिवसेंदिवस हेच काम करतो.

उरलेल्या भागांबद्दल थोडक्यात. आयपीव्ही६ लांब पत्त्यांमुळे भीतिदायक दिसतं, पण त्यातलं सबनेटिंग उलट सोपं, बहुतेक ठिकाणी /६४ च असतं. तिथे ब्रॉडकास्ट नाही आणि एआरपीचं काम नेबर डिस्कव्हरी करतं, एवढं धरून चला. डीएचसीपी (पत्ते वाटणं), एनटीपी (घड्याळ जुळवणं), सिसलॉग (नोंदी), एसएनएमपी (देखरेख) यांत पाठांतर आहे, ते शेवटच्या महिन्यात करा. वायरलेस आणि सुरक्षेकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, तसं करू नका, तिथले गुण तुलनेनं सहज मिळतात. ऑटोमेशनमध्ये प्रोग्राम लिहायचा नसतो. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीचा तुकडा वाचता येणं, प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणारं रेस्ट एपीआय काय करतं, ॲन्सिबल आणि टेराफॉर्म ही स्वयंचलनाची साधनं कशासाठी, एवढं कळलं तरी चालतं. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास देणाऱ्यानं या सगळ्याला चार ते सहा महिने धरावेत. ‘महिन्यात सीसीएनए’च्या जाहिराती पाहून स्वतःला कमी समजू नये.

डम्पबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चोरलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतात, काही क्लासही त्या हातात देतात. परीक्षेआधी तुम्ही जो करार मान्य करता त्याचा तो भंग आहे आणि सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकतं. त्याहून मोठं नुकसान मुलाखतीत होतं. समोरचा कागद पुढे सरकवतो, दोन राउटर काढतो आणि म्हणतो, ‘इथून तिथे पिंग केलं, काय काय घडतं सांगा.’ पीडीएफ पाठ केलेला मुलगा तिथे गप्प होतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून भरलेली फी अशी वाया जाताना पाहून फार वाईट वाटतं.

पेपरात पर्याय निवडायचे प्रश्न असतात, ओढून जोडायचे असतात आणि प्रत्यक्ष कॉन्फिगर करायच्या लॅबही असतात. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. त्यामुळे ‘नंतर बघू’ ही शाळा-कॉलेजातली सवय इथे उपयोगाची नाही, सराव चाचण्याही तशाच सोडवा. पेपर इंग्रजीत असतो. ज्यांना इंग्रजीचं दडपण आहे त्यांनी विषय मराठीत समजून घ्यावा, पण शेवटचे दोन महिने प्रश्न इंग्रजीतच वाचावेत. प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा, मग आकृती, मग वरचा मजकूर. लॅबमध्ये काम झाल्यावर कॉन्फिगरेशन सेव्ह करायला सांगितलंय का, ते तपासा.

पास होण्यासाठी किती गुण लागतात ते सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे इंटरनेटवरच्या आकड्यांवर हिशेब बांधू नका. निकालासोबत प्रत्येक भागातली टक्केवारी मिळते. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते, म्हणून घाई नको. टक्केवारीत सर्वांत खाली असलेला भाग पाहा, त्याची लॅब पॅकेट ट्रेसरमध्ये नव्यानं बांधा, मोडा आणि दुरुस्त करा. ती लॅब कुणाच्याही मदतीशिवाय उभी राहायला लागली की मगच पुढची तारीख घ्या.